टेबलासमोरची घागर

लातूर जिल्हा नवा झाला, त्याच साली दुष्काळ पडला. रेणापूरकडच्या एका गावात मी टँकरपाशी टेबल टाकून रक्तदाब मोजायला बसायचो. कुणी फिरकेना. वैतागून मी रक्तदाबावरचं वैद्यकीय मासिक वाचत राहायचो.

एक म्हातारी टँकरच्या रांगेत नंबर धरायला आपली पोचे आलेली घागर ठेवून माझ्याकडं आली. मासिकावर बोट टेकवून म्हणाली, "डाक्टर, ह्यात काय लिवलंय?"

"कुणाचा रक्तदाब किती, कशानं वाढतो, ते."

"आमचा मोजलाय का त्यात?"

"नाही, आजी."

"मंग मोजा की!" तिनं हात टेबलावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी टँकरसमोर घागरींची रांग होतीच. दुसरी माझ्या टेबलासमोर लागली होती. सगळ्यात पुढं तीच, पोचे आलेली.