पेकानखालचे तीन दगड

फ्रिस्कोला देवळात जाताना बायको अजूनही विचारते, "अहो, टोल रोड सोडून हा सिग्नलचा रस्ता कशाला?" मी म्हणतो, वेग झेपत नाही आता. तिला खरं वाटतं. खरं कारण मी तिला सांगितलेलं नाही, मुलीला नाही, कुणालाच नाही. लिहायला बसलो की दुसरंच काही लिहून उठायचो. आता वय असं आहे की आणखी टाळलं तर राहूनच जाईल.

२००६ मध्ये त्या टोल रोडचं काम एका स्पॅनिश कंपनीला मिळालं आणि मी तिथे सीनियर इंजिनिअर म्हणून लागलो. साठीला आलो होतो, अमेरिकेत तीस वर्षं काढली होती. कंपनीचे मालक महिन्यातून एकदा स्पेनहून यायचे. तिकडे त्यांनी हायवे बांधले होते, डोंगरातून बोगदे काढले होते. आम्हाला वाटलं, कुणी भारी सुटातला शेठ येणार. आले ते गाडीच्या डिकीत चिखलाचे बूट ठेवणारे, जेवताना पाव हाताने मोडणारे गृहस्थ. त्यांचे वडील रस्त्याचे खड्डे बुजवणारे सरकारी मजूर होते. रस्त्याच्या कडेला सरकारने दिलेल्या दोन खोल्यांत सात माणसं राहायची. मी सांगितलं, आमच्याकडे अशा माणसाला मैलकुली म्हणतात. त्यांनी तो शब्द वहीत उतरवून घेतला. पुढे साइटवर आले की म्हणायचे, "मैलकुलीचा मुलगा आलाय, त्याला कॉफी द्या."

जिथे रस्ता बांधला तिथे त्यांनी काहीतरी मागे ठेवलेलं असायचं. कुठे दवाखाना, कुठे शाळा. रस्त्यावरच्या मजुरांच्या मुलांचं शिक्षण त्यांची संस्था करायची. कुठेही नावाची पाटी नाही. मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, रस्ता गावाकडून काहीतरी घेतोच, ते परत करायचं तर काय घेतलं हे आधी दिसायला हवं. म्हणून त्यांचा एक नियम होता. आखणी पक्की होण्याआधी त्या भागाच्या इंजिनिअरने ती सगळी पायी चालायची आणि कागदावर सही करायची. कागदावर एकच ओळ असे: हा भाग मी पायी पाहिला आहे.

माझा भाग अकरा मैलांचा होता. २००७च्या जानेवारीत तीन दिवस चाललो. तिसऱ्या दिवशी दुपारी शेवटचा मैल उरला होता आणि फोन वाजला. मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात आम्ही एकांकिका करणार होतो. ती बसवणारा पुण्याचा आयटीवाला पोरगा म्हणाला, "काका, तुम्ही नाही आलात तर प्रॅक्टिस कॅन्सल करावी लागेल. नवरदेवाचा बापच नाही तर लग्न कसं लावू?" मी हसलो. शेवटचा मैल गाडीतून बघून घेतला.

तिथे एक मोडकी पवनचक्की होती. तिच्यापलीकडे पेकानची, म्हणजे इथल्या अक्रोडासारख्या फळाची, चार-पाच झाडं, पानं गळून उघडी पडलेली. दुसऱ्या झाडाखाली चुन्याने रंगवलेले तीन पांढरे दगड मला काचेतून स्पष्ट दिसले. माझे वडील जमीन मोजणी खात्यात होते. लहानपणी त्यांच्याबरोबर बांधाबांधाने फिरलेलो. शेतातला पांढरा दगड म्हणजे हद्दीची खूण, हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं बसलेलं की गाडी थांबवावी असं वाटलंसुद्धा नाही. कागदावर सही केली आणि तालमीला वेळेवर पोचलो.

जूनमध्ये तिथली जमीन साफ केली. तोवर गवत छातीला लागत होतं, त्यात दगड कुणाला दिसले नाहीत. झाडं, पवनचक्की, सगळं दोन दिवसांत गेलं. आठवडाभराने माझ्याच वयाची एक मेक्सिकन बाई साइट ऑफिसात आली. तिचे आईवडील त्या शेतावर कापूस वेचायला होते. तिची तीन भावंडं एकाच हिवाळ्यात तापाने गेली आणि शेतमालकाच्या परवानगीने तिथेच पुरली. कागद कसलाच नाही. दर नोव्हेंबरात, त्यांच्याकडच्या पितरांच्या दिवशी, ती जाऊन दगडांना चुन्याचा हात द्यायची.

काम थांबवलं. माती तपासणारे लोक आले. तिला विचारलं, कुठे? ती उभी राहून इकडे तिकडे बघत राहिली. ओळखीचं काही उरलंच नव्हतं. तिने बोट दाखवलं ती जागा पवनचक्की होती त्याच्या अलीकडची होती. ती माणसं तिथे खणत होती आणि मी चाळीस पावलांवर हेल्मेट घालून उभा होतो. तिथे काहीच निघालं नाही.

साहेब मुद्दाम स्पेनहून आले. मला गाडीत बसवलं, काचा वर केल्या आणि विचारलं, "इंजिनिअर, हा तुकडा तुम्ही चालला होतात?"

"हो."

"दगड होते?"

नाही म्हणायला मला क्षणही लागला नाही. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मग झालं." शोध तिथेच संपला. तो मैल आज रस्त्याखाली आहे.

तरीही बाईचं मन राखायचं म्हणून त्यांनी जवळच एक बाग करून दिली. छोटी भिंत, बाक, आणि गावासाठी वाचनालय. पुढच्या वसंतात ती उघडली तेव्हा ते म्हणाले, आमची माणसं इथून पायी चालली होती, त्यांना काही दिसलं नाही, तरी या कुटुंबाचं दुःख खरं आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती बाई पहिल्या रांगेत होती. ती बसूनच म्हणाली, "दगड पांढरे होते. मी स्वतः रंगवायचे." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे बघत होतो.

तेव्हापासून पांढरं काही रस्त्याकडेला दिसलं की माझा पाय ब्रेकवर जातो. प्लास्टिकची पिशवी असते, मैलाचा खांब असतो. अंगणात कुणी फुलझाडांभोवती दगड मांडले असले तर मी ते मोजतो.

त्या वर्षाच्या शेवटी कामं आटली, साहेबांचं येणं कायमचं थांबलं, मी निवृत्त झालो. मग एका सकाळी तिच्या घरी गेलो. काय बोलायचं ते आरशासमोर घोकलं होतं, एकांकिकेतली वाक्यं घोकायचो तसं. तिने मला ओळखलं. बागेच्या कामासाठी आलो असं समजून आत बसवलं, कॉफी दिली. भिंतीवर कुणाचाच लहानपणीचा फोटो नव्हता. तेवढे पैसे तेव्हा कुणाकडे असणार?

मी तोंड उघडणार, तेवढ्यात तीच म्हणाली, "माझा मुलगा म्हणतो, आई, तू कुंपणाचे खांब रंगवायचीस, दगड नव्हतेच. आता मलाही नीट आठवेनासं झालंय. तुम्ही तर तिथे चालला होतात. तुम्ही सांगा, मी वेडी झालेय का?"

ती माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, या वयात होतं असं, मलाही आठवत नाही. कॉफी छान झाल्याचं सांगितलं आणि उठलो. दारापर्यंत ती सोडायला आली.

दोन वर्षांनी कळलं, ती गेली. घोकलेलं सगळं मला अजून पाठ आहे. बाई, तुम्ही वेड्या नाही. दगड होते. तीन होते, पवनचक्कीच्या पलीकडे, दुसऱ्या पेकानखाली, आणि पांढरेशुभ्र होते. मी ते पाहिले होते. मी गाडीतून उतरलो नाही, आणि नंतर खोटं बोललो. मला माफ करा.