पेटी न उघडणाऱ्या अक्का

कमळाक्का मधपेटीजवळ आल्या की आधी चपला काढायच्या, पेटीच्या कडेला बसायच्या आणि पाव तास काहीही करायच्या नाहीत. मी तोंडावर जाळी चढवून, धुराचा डबा पेटवून तयार. त्या मात्र पेटीच्या बारीक दाराकडे बघत राहायच्या. "उघडायची ना?" म्हटलं की ठरलेलं उत्तर, "कोनाना घरमा जावानं व्हई, त पयले दारमा उभं ऱ्हावानं. दारमा बठ्ठं दिसस, भाऊ." दारातच सगळं दिसतं, म्हणे.

शिंदखेड्याजवळच्या एका खेड्यात त्या एकट्या राहत. मुलगा सुरतेला. मी धुळ्याचा, तीस वर्षं कारकुनी करून घरी बसलेला. बायको गेल्यावर घरात सकाळपासून काही हलत नसे. एका नातेवाइकानं मला अक्कांकडे नेलं. त्यांच्याकडे तेव्हा दोनच पेट्या उरल्या होत्या. त्यांतली एक त्यांनी सरळ मला दिली. "मना गुडघा आते ऐकतस नही," म्हणाल्या. धुळ्याबाहेरच्या माझ्या शेवग्याच्या तुकड्यात ती पेटी ठेवली, आणि कितीतरी दिवसांनी मला सकाळी उठावंसं वाटलं.

थंडी सरताच त्यांनी पेटीच्या बुडाचा तळपाट खरवडून साफ करायला लावला. पाण्याच्या परळात खडे टाकायला सांगितले, माश्या बुडू नयेत म्हणून. आणि बजावलं, "फागुनमा त्यासले जागा लागस. जागा नही दिधी त घर फुटी."

मला मात्र हात आवरत नव्हता. दर दोन दिवसांनी पेटी उघडून बघायचो. होळीनंतर एकदा उघडली तर पोळ्याच्या चौकटीच्या खालच्या कडेला भुईमुगाच्या शेंगांसारखी राणीघरं, नवी राणी वाढते ती, लोंबत होती. नवी राणी तयार होत आली की जुनी अर्ध्या माश्या घेऊन निघून जाते, हे मोबाइलवर पाहिलेलं होतं. मी शहाणपणानं ब्लेड घेतलं आणि नऊच्या नऊ राणीघरं कापून टाकली. मग अक्कांना फोन करून ऐटीत सांगितलं.

पलीकडून प्रश्न आला, "जुनी राणी देखी का तू?"

पाहिली नव्हती. माश्याही अर्ध्याच वाटत होत्या, ते तेव्हा कुठे लक्षात आलं.

"म्हंजे जुनी आधीच गयी, नि नवी तू मारी टाकी. आते घर कोन चालाडी, भाऊ?"

रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. आवाज फक्त थकलेला होता. राणी नाही म्हणजे नवी अंडी नाहीत. असलेल्या माश्या म्हाताऱ्या होऊन महिना-दीड महिन्यात पेटी ओस. मी रात्री जेवलो नाही. पुन्हा एकदा माझ्यादेखत काहीतरी संपणार होतं.

दुसऱ्या दिवशी अक्का एस.टी.नं आल्या. पिशवीत ओल्या फडक्यात गुंडाळलेली एक चौकट, ताज्या अंड्यांनी भरलेली. यातून निघणाऱ्या एखाद्या अळीची माश्या राणी करतील, म्हणाल्या. रिक्षातून उतरताना दोनदा थांबल्या. मी विचारलं, "तुमच्या पेटीला कमी पडणार नाही ना?"

"तू मनी पेटीनी चिंता करू नको. आते महिनाभर झाकण उघडू नको, म्हंजे व्हयनं."

तो महिना मी कसा काढला ते मलाच ठाऊक. रोज चपला काढून पेटीच्या कडेला बसायचो. माश्या येत होत्या, जात होत्या, पण रिकाम्या पायांनी. झाकणाकडे हात जायचा, मी तो मांडीखाली दाबून धरायचो. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, चार दिवस आधी एक माशी उतरली, तिच्या पायांना पिवळे गोळे. मग दुसरी, तिसरी. आत पिल्लं असल्याशिवाय इतका पराग कोण ओढून आणतं? मी एकटाच मोठ्यानं हसलो.

ही बातमी फोनवर सांगायची नव्हती. आखाजीला अक्कांचं खेडं गाठलं. अक्का परसात पेटीच्या कडेला बसल्या होत्या, चपला बाजूला.

"अक्का, पायांना पिवळं लागलंय!"

"मंग राणी व्हयनी," त्या म्हणाल्या आणि डोळे मिटून हसल्या.

शेजारी बसलो तेव्हा मला दिसलं. त्यांच्या पेटीच्या दारात एकही माशी नव्हती. एक मुंगळा आत-बाहेर करत होता.

"ती चौकट..." मी त्यांच्याकडे वळलो. "तुमच्या पेटीत अंड्यांची तेवढी एकच होती?"

"सांगतू, त तू लेतास का?"

"उघडून तर बघू. खाली कुठे चार माश्या असतील."

"नको, भाऊ. दारमा दिसस ना." त्यांनी हात पुढे केला. "आखाजी व्हयनी की पोऱ्या सुरतले लई जाई. तठे कोन्ती पेटी नि कोन्त्या माश्या! चाल, उठाड माले."

मी त्यांना उठवलं. त्यांना वाकता येईना, म्हणून चपलाही मीच त्यांच्या पायांत सरकवल्या.