खासगीवाली बुरुलचा

बुरुलचा आणि मी डोंगरातल्या नारीनच्या एकाच शाळेतून राजधानीत, बिश्केकला डॉक्टर व्हायला आलो. मला सरकारी अकादमीत जागा मिळाली. तिची थोडक्यात हुकली, म्हणून ती फी भरून खासगी संस्थेत गेली. खोली मात्र आमची एकच. माझी पुस्तकं रांगेत, तिची पलंगाखाली. मी परीक्षेआधी उलट्या करायची, ती घरमालकिणीशी गप्पा मारत चहा प्यायची.

शेवटच्या वर्षी दोन्हीकडच्या मुलांना एकाच इस्पितळात पाठवलं. तिथले सर्जरीचे प्रमुख एसेनकुल आगाय. शिक्षकांना आम्ही आगायच म्हणतो. त्यांनी सगळ्यांच्या स्वभावाची चाचणी घेतली आणि भर सभागृहात निकाल सांगितला. अकादमीची मुलं कष्टाळू, काटेकोर, पण भित्री. खासगीवाली मोकळी, बडबडी, धीट, पण बेफिकीर.

"म्हणून ऑपरेशन थिएटर अकादमीला," आगाय म्हणाले. "खासगीवाल्यांनी बाहेर पेशंट तपासायचे. गप्पा मारायला तुम्ही बरे."

हशा पिकला. बुरुलचा उठून उभी राहिली.

"आगाय, मी बडबडी आहे हे खरं. गावात मेंढ्यासुद्धा मला कंटाळायच्या. पण ही अकादमीची मुलं काय जन्मतःच भित्री होती? एक उत्तर चुकलं की तुम्ही चारचौघांत त्यांची सालटी काढता. आणि आम्हाला रोज ऐकायचं, 'खासगीवाले, मागे व्हा.' कोपर मारल्याशिवाय पेशंट दिसतच नाही. धीट नाही होणार तर काय? तुम्ही स्वभाव नाही मोजलात. आम्हाला कसं वागवता ते मोजलंत."

मी खालून तिचा कोट ओढत होते.

"खाली बस," आगाय म्हणाले.

"थिएटर मिळालं की बसते."

आगाय लाल झाले. "ठीक आहे. उद्यापासून तातडीच्या विभागात, माझ्यासमोर. या तुझ्या भित्र्या मैत्रिणीला बरोबर घे. कळेलच."

दुसऱ्या दिवशी कोक-बोरू या घोड्यांवरच्या खेळाच्या सामन्यात घोड्यावरून पडलेला एक गडी आला. गाल फाटलेला, अंगात रग, सुई पाहिली की सगळ्यांना ढकलायचा. मी सुई धरून दोन पावलं मागे सरकले.

"बाइके," बुरुलचा त्याला थोरल्या भावाला म्हणतात तसं म्हणाली, "पडलात ते पडलात. आता सुईला घाबरलात हेही तुमच्या संघाला सांगू का?"

तो रक्ताळल्या तोंडानं हसला आणि आडवा झाला.

"तू शिव," ती मला म्हणाली. "तुझे टाके बारीक पडतात. मी याला बोलण्यात गुंतवते."

मी शिवलं. तिसऱ्या टाक्यापासून आगायांकडे बघायचंही विसरले.

"बघा!" आगाय म्हणाले. "माझंच खरं. ही बोलते, ती शिवते."

"उद्या मी शिवणार. बोलेल ही."

तसंच केलं. पेशंट एक म्हातारी होती आणि मी तिला तिचं नावच तीनदा विचारलं. शेवटी त्या म्हातारीनंच मला धीर दिला. बुरुलचाचा एक टाका वाकडा पडला. तिनं तो स्वतःच उसवला, पुन्हा घातला. आगाय बघत होते. 

महिनाअखेर पुढे सर्जरी शिकायच्या जागा जाहीर झाल्या. मला मिळाली. तिला नाही. ती थेट त्यांच्या खोलीत गेली, मी दारात थांबले.

"उद्धट मुली मला थिएटरमध्ये नकोत," आगाय म्हणाले.

"मग उद्धट म्हणून नको असं सांगा. हे कारण मला चालेल. खासगीवाली म्हणून नको, हे चालणार नाही."

त्यांनी जागांची यादी उलटी करून ठेवली. "उद्धट म्हणून," ते म्हणाले.

ती मान उंच करून बाहेर आली आणि जिन्यात माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मग नाक पुसलं आणि दूर ओश शहरात जाऊन सर्जरी शिकली. दोन वर्षं जास्त गेली.

आज ती नारीनच्या इस्पितळात ऑपरेशनं करते. तिचा आवाज वॉर्डभर घुमतो. मुख्य डॉक्टरांनी मागे, ताई म्हणावं तसं 'एजे' लावून, तक्रार केली, "बुरुलचा एजे, जरा हळू बोला, माझ्या ऑफिसपर्यंत ऐकू येतं."

"मग या ना इकडे," ती म्हणाली. "हीटर दोन दिवस बंद आहे, तेवढंच सांगत होते."