चारही पट्ट्या सारख्याच

डार्करूममधून बाहेर येऊन वैशालीने ओली फिल्म उजेडाकडे धरली. चारही पट्ट्या सारख्याच काळ्या होत्या. आठवड्यातली ही तिसरी फिल्म. आमचे बॉस आणि वैशालीचे गाइड डॉ. कोठारे बाजूलाच उभे होते. सगळ्या लॅबसमोर ते म्हणाले, "तांडेल, हा मासळी निवडायचा हात आहे. ब्लॉट करायचा नाही."

वैशाली तांडेल वरळी कोळीवाड्यातली. आई बाजारात मासे विकायची. घराण्यात पीएच.डी.पर्यंत पोचलेली ही पहिलीच. तिने फिल्म सुकत लावली आणि ग्लोव्ह्ज काढले. मी मात्र दिवसभर धुमसत होते.

परळच्या त्या संशोधन संस्थेत मी टेक्निकल ऑफिसर होते. गिरण्यांचा संप होऊन बरीच वर्षं झाली होती. लॅबच्या खिडकीतून जी चिमणी दिसायची, त्याच गिरणीत माझे वडील विणकर होते. कापडात डाग निघाला की त्यांचा पगार कापला जायचा. "सूत त्येंचा कुसका आणि दंड माका," असं ते घरी येऊन म्हणायचे. त्यामुळे कुणाच्या हाताला दोष दिलेला ऐकला की मी आधी माल बघते.

आमचा माल काय होता ते सांगते. आपल्या पेशींत कायनेज नावाची प्रथिनं असतात. ती स्विचसारखी चालू-बंद होतात. आमच्या कायनेजवर एका ठरावीक जागी फॉस्फेट चिकटला की ते चालू, तो निघाला की बंद. कॅन्सरच्या पेशींत ते गरजेपेक्षा जास्त चालू राहतं. एका औषधाने ते बंद होतं का, हे वैशाली शोधत होती. पण चालू की बंद हे डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी सशाच्या रक्तातून काढलेली अँटिबॉडी लागते. ती फक्त फॉस्फेट लागलेल्या त्या जागेलाच चिकटते, आणि जिथे चिकटते तिथे फिल्मवर काळी पट्टी उमटते. या तपासणीलाच ब्लॉट म्हणतात. पट्टी म्हणजे कायनेज चालू. निदान बाटलीबरोबरच्या कागदावर तरी तसं लिहिलेलं होतं.

वैशालीच्या चार नमुन्यांपैकी शेवटचे औषध दिलेल्या पेशींचे, आणि पहिला उपाशी ठेवलेल्या पेशींचा. त्यांच्यात कायनेज बंद असतं, म्हणजे तिथे पट्टी येताच कामा नये. आधीच्या सहा महिन्यांच्या फिल्म मी काढून पाहिल्या. तिथे स्वच्छ, कोरी जागा होती. मग अचानक एका सोमवारपासून सगळं काळं. माणूस एका सोमवारी काम विसरतो का? मी केमिकल्सचं रजिस्टर उघडलं. त्याच सोमवारी अँटिबॉडीची नवी बाटली फोडली होती. तिचा लॉट नंबर, म्हणजे कंपनीच्या उत्पादनाच्या खेपेचा आकडा, वेगळा होता.

मी कोठारे सरांना सांगितलं. ते हसले. ही परदेशी कंपनी, सगळं जग तिची अँटिबॉडी वापरतं, असं म्हणाले. "त्यांची बाटली चुकेल आणि आपली तांडेल बरोबर असेल, असं म्हणायचंय का, सावंतबाई?"

मी हो म्हटलं. त्यांना ते आवडलं नाही.

कंपनीच्या माणसाला फोन केला. त्याने आधी आमच्या पाण्याबद्दल विचारलं, मग फ्रीजबद्दल, मग तुमच्याकडे लाइट जाते का म्हणून. परळमध्ये लाइट जात नाही, असं सांगितलं. शेवटी म्हणाला, स्टुडंट नवीन आहे का मॅडम? मी फोन ठेवला.

शुक्रवारी कमिटी होती. वैशालीची फेलोशिप वाढवायची की नाही, ते तिथे ठरणार होतं. सरांनी रिपोर्टमध्ये 'कौशल्य असमाधानकारक' असं आधीच टाइप करून घेतलं होतं.

बुधवारी सकाळी मी आणि वैशाली कामाला बसलो. जुन्या बाटलीच्या तळाशी थेंबभर अँटिबॉडी उरलेली मी फ्रीझरमध्ये जपून ठेवली होती. कायनेज चालू असलेल्या पेशींचा अर्क घेतला. त्यातल्या निम्म्यात फॉस्फेट कापून टाकणारं एन्झाइम घातलं. फॉस्फेटच नाही, तर पट्टी यायला नको. मग तेच दोन नमुने जुन्या अँटिबॉडीने तपासले आणि नवीननेही. सगळं वैशालीने स्वतःच्या हाताने केलं. मी फक्त घड्याळ बघत होते.

जुन्या अँटिबॉडीने तपासलं, तर फॉस्फेट असलेल्या नमुन्यात पट्टी आली, काढलेल्यात आली नाही. नवीनने मात्र दोन्हींत आली, ठसठशीत. म्हणजे नवी बाटली फॉस्फेट बघतच नव्हती. चालू असो की बंद, दिसेल त्या कायनेजला चिकटत होती.

सरांनी दोन्ही फिल्म बराच वेळ पाहिल्या. मग म्हणाले, हे कमिटीनंतर बघू.

"कमिटीच्या आधी, सर," मी म्हटलं.

ते आपल्या केबिनमध्ये गेले. माझी बढती ज्यावर ठरायची तो कॉन्फिडेन्शियल रिपोर्ट तेच लिहायचे, हे मला माहीत होतं. तरी त्या फिल्म मी वैशालीच्या फाइलला लावल्या.

शुक्रवारी बाहेरून आलेल्या एका बाईंनी फाइल उलटून पाहिली आणि त्या फिल्मपाशी थांबल्या. मग सरांना विचारलं, हा दोष कुणी शोधला? सर ताबडतोब म्हणाले, आमच्या लॅबने. 'कौशल्य असमाधानकारक' लिहिलेला कागद समोरच होता. त्यांनी तो हळूच फाइलखाली सरकवला. मी टेबलाच्या टोकाला मिनिट्स लिहीत होते. माझं पेन थांबलं.

फेलोशिप वाढवून दिली. वैशालीला काही म्हणायचंय का, असं अध्यक्षांनी रिवाज म्हणून विचारलं. ती उभी राहिली. "मला गाइड बदलून हवाय," ती म्हणाली, आणि खाली बसली. कारण कुणी विचारलं नाही. सरांनीही नाही. मी ते वाक्य मिनिट्समध्ये जसंच्या तसं लिहिलं.

तिला वरच्या मजल्यावर दुसरे गाइड मिळाले. कंपनीने नवी बाटली पाठवली, सोबत 'सुधारित लॉट' असं पत्र. चूक झाली असा शब्द त्यात नव्हता. सशाच्या रक्तातून नको असलेल्या अँटिबॉडी गाळून काढायची एक पायरी त्या लॉटला राहून गेली होती, हे त्यांच्याच माणसाने नंतर चहा पिताना सांगितलं. बदलून आलेल्या बाटलीने तपासलं, तेव्हा वैशालीचं औषध चालत असल्याचं दिसलं. उपाशी पेशींची जागा कोरी आली आणि औषधवाल्या पट्ट्या फिक्या. तिने पीएच.डी. पूर्ण केली. त्या वर्षीच्या माझ्या रिपोर्टमध्ये 'सहकार्याची वृत्ती कमी' असं आलं. बढती दोन वर्षं पुढे गेली.

फिल्मच्या कोपऱ्यात तारीख आणि करणाऱ्याचं नाव लिहायची पद्धत सगळ्याच लॅबमध्ये असते. मी निवृत्त होईपर्यंत तिथे लॉट नंबरही लिहून घेत राहिले. नुसतं नाव असलं, की लोक तेवढंच वाचतात.