सिंथमधली शिंक

दहावीला मी पचनसंस्थेचं उत्तर गाइडमधून पाठ केलं होतं. इतकं चोख, की सराव परीक्षेत शेवटी ‘आकृतीसाठी पान ७३ पाहा’ हेही सुवाच्य अक्षरात लिहून आले. सरांनी बाजूला लाल शाईने विचारलं होतं, ‘हे पान कुणाच्या पोटात आहे?’ तरी पाचपैकी चार गुण दिले.

त्या गाइडची आणि त्या सरांची मी आजही ऋणी आहे. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर, आणि पदवीपर्यंत मी अशीच पोचले. जसंच्या तसं लिहिणं म्हणजे अभ्यास. मनाचं लिहिणं म्हणजे अभ्यास न करता आल्याचा पुरावा, अशी माझी समजूत होती.

ठाण्यात विमा कंपनीत नोकरी लागली, टिटवाळ्यात वन रूम किचन झालं, आणि मग मी एक जुना सिंथ विकत घेतला. सिंथ म्हणजे दिसायला कीबोर्ड, पण यात आवाज आधी आपण घडवायचा, मग वाजवायचा. त्यासाठी वर पंचवीसेक बटनं असतात. मला शिकवायला कुणी नव्हतं. इंटरनेटवर एक परदेशी शिक्षक सापडला. व्हिडिओत त्याचे फक्त हात दिसायचे. मी व्हिडिओ थांबवत थांबवत एकेक सूर वहीत उतरवला. बटनांचे कोनही लिहिले: ‘तिसरं बटन, घड्याळात दोन वाजल्यासारखं.’ दोन महिन्यांत ती चार मिनिटांची सुरावट माझ्या बोटांत पक्की बसली.

त्याच सुमारास ऑफिसातल्या मैत्रिणीने सांगितलं, की वर्तकनगरला तिच्या कॉलनीतली दोन मुलं इलेक्ट्रॉनिक संगीत करतात, त्यांना सिंथ वाजवणारं कुणी हवंय. मी सिंथ आणि वही घेऊन त्यांच्यातल्या एकाच्या घरी गेले. एकजण बास गिटार वाजवणारा, दुसरा ठेक्यांचं यंत्र सांभाळणारा. हा दुसरा म्होरक्या. दोघंही माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी लहान.

मी वाजवलं. म्होरक्या डोळे मिटून ऐकत होता. मग त्याने एक डोळा उघडला.

“ताई, मध्येच हा सूर का तोडता?”

“तो तसाच आहे.”

“आणि त्याच्यामागे ते फिस्स काय येतं?”

त्याने अचूक तेच विचारल्याचा मला आनंद झाला. तो फिस्स आवाज जमवायला माझे दोन रविवार गेले होते. “नॉइजचं बटन,” मी म्हटलं. “दोनवर ठेवायचं.”

म्होरक्याने मोबाइलवर तोच व्हिडिओ लावला. त्याने तो आधीच पाहिलेला होता. त्या जागी त्याने आवाज वाढवला. “ताई, तो शिंकलाय.”

पुन्हा ऐकवलं. शिंकच होती. त्यानंतर ‘सॉरी’ही होतं. ते मी त्या संगीताच्या परंपरेचा भाग समजले होते.

“अरे, ताईंनी शिंक बनवली यार, बटनावर!” बासवाला पलंगावर आडवा झाला. म्होरक्याची आई कांदेपोह्यांच्या बशा घेऊन आली. “दात काय काढताय रे? केवढी मेहनत घेतलीय तिने!” त्या वाक्याच्या आधाराने मी पोहे संपवले.

निघताना म्होरक्या गंभीर झाला. “ताई, हात छान आहे तुमचा. पण तीन आठवड्यांनी डोंबिवलीत आपला कार्यक्रम आहे आणि तिथे सगळं स्वतःचं लागतं. पुढच्या रविवारी तुमचा स्वतःचा पार्ट आणा. जमला तर तुम्ही आमच्यात. नाहीतर आम्ही लॅपटॉपवरून लावू.”

मी परीक्षा खूप दिल्या होत्या. ज्याचं गाइड नाही असा पेपर हा पहिलाच.

सोमवारपासून ऑफिसातून आले की बसायचे. सूर सुचायचा, आणि लगेच तो कशासारखा तरी वाटायचा. ज्याच्यासारखं काही ऐकलंय ते सगळं खोडायचं, असा मी नियम केला. बुधवारी वहीत एकच सूर उरला. तो अस्सल माझा होता. मी तो सलग वाजवत बसले, तर शेजारच्या काकू बेल वाजवून विचारायला आल्या, “अगं, पाण्याचा पंप चालू राहिलाय का कुणाचा?”

गुरुवारी आप्पा आले. आप्पा म्हणजे माझे वडील. डोळे दाखवायला गावाहून आले होते. त्यांनी तीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवलं. रेडिओवर गाणं ऐकायचं आणि वरातीत वाजवायचं. पुढचे दात गेले तेव्हा थांबले.

“आप्पा, तुम्ही कधी स्वतःची चाल वाजवलीत?”

“येड लागलंय का? वरातीत आपली चाल वाजीवली तर नवरदेव घोड्यावरनं उतरून घरी जाईल. लोकान्ला वळखू आलं पायजे.”

मला फार बरं वाटलं. मी शिंक वगळून ती परदेशी सुरावट त्यांना ऐकवली. ते शेवटपर्यंत मान डोलवत होते.

“ग्वाड हाय. पर ह्यो श्वास कवा घेतो?”

“आप्पा, मशीन आहे.”

“मशीन आसंल. वाजिवणारी तू हायस न्हवं? ऐकून मलाच धाप लागली.”

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. त्या काळी वरातीत चालणाऱ्या एका गाण्यात एक ओळ फार लांब होती. आप्पांचा दम तिथे संपायचा, म्हणून ते मध्येच थांबून श्वास घ्यायचे. नाचणारे तिथे एक पाय वर धरून थांबायला लागले. पुढे आमच्या तालुक्यात सगळे तसेच नाचू लागले. तेच गाणं रेडिओवर लागलं की लोक म्हणायचे, रेडिओ चुकला.

“आणि एक गाणं संपल्यावर दुसरं सुरू होईपर्यंत काय वाजवायचात?”

“त्येला कुठं चाल म्हंत्यात? म्होरलं गाणं आठवंपत्तूर आपलं कायतरी.” आणि ते ‘कायतरी’ त्यांनी उरलेल्या दातांतून फुंकून दाखवलं. तुरू, तूं, तुरूतू, मग श्वास, मग पुन्हा.

मी वही उघडली. शनिवारभर त्यांना खुर्चीत बसवून उतरवून घेतलं. जिथे ते श्वास घेतील तिथे फुली. चहासाठीसुद्धा उठू दिलं नाही. रविवारी त्यांना वर्तकनगरला घेऊन गेले.

मी वाजवलं. यावेळी म्होरक्याने दोन्ही डोळे उघडे ठेवले होते. “हे कुठून उचललंत?”

खोटं बोलायचा प्रश्नच नव्हता. “वडिलांचं आहे. जसंच्या तसं.”

“जसंच्या तसं कुठलं?” पोह्याची बशी बाजूला ठेवून आप्पा उसळले. “समदं चुकलीय. तिसऱ्या बारीला श्वास घ्यायचा, ही सूर धरून बसतीय. वर एक सूर पदरचा घातलाय.”

मी वही तपासली. आप्पांचं बरोबर होतं. फुली होती, मी ती ओलांडून गेले होते, आणि तो जादा सूर वहीत कुठेच नव्हता. मी म्हटलं, “सॉरी. पाच मिनिटं द्या, दुरुस्त करते.”

“ताई,” म्होरक्या ओरडला, “हात लावू नका त्याला!”

डोंबिवलीत आम्ही शाळेच्या सभागृहात संध्याकाळी वाजवलं. आप्पा पहिल्या रांगेत होते. तिसऱ्या खेपेला त्यांनी नाही नाही अशी मान हलवली आणि, मला वाटतं मुद्दामच, खोकले. मी सूर धरून ठेवला.

त्या कार्यक्रमाचा व्हिडिओ मुलांनी इंटरनेटवर टाकला. गेल्या आठवड्यात शहाडच्या एका मुलीचा मेसेज आला. ती बारावीला आहे, माझी सुरावट वहीत उतरवून शिकतेय. सगळं जमलंय, फक्त तिसऱ्या वेळी मागे जो खरखरीत आवाज येतो, तो कोणत्या बटनाने काढायचा?

मी तिला खरं ते सांगितलं, की ते माझे वडील खोकलेत. नॉइजचं बटन किती ठेवायचं, तेही सांगितलं.