भागूजीचा आवाज

भागूजी कांबळेबद्दल मी आजवर कुठेही लिहिलेलं नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाच्या आठवणी लिहून द्या, असं सांगायला माणसं तीन-चारदा तरी घरी आली. मी दिल्या. मोर्चे लिहिले, लाठ्या लिहिल्या, तुरुंगातली पाणचट आमटी लिहिली. भागूजीचं नाव तेवढं दर वेळी टाळलं. त्याचं लिहायचं तर माझंही लिहावं लागलं असतं. आता वय असं आहे की टाळायलाही फार दिवस उरलेले नाहीत.

भागूजी आमच्या गिरणीत साचेखात्यात होता, म्हणजे मागावर कापड विणायचा. मी त्याच गिरणीत हजेरीचा कारकून. तो घोडपदेवला राहायचा, मी चिंचपोकळीला. तो दिसायच्या आधी ऐकू यायचा. सभा असली की आमच्या चाळीच्या चौकात येऊन उभा राहायचा, डावा हात कानावर ठेवायचा आणि आरोळी ठोकायचा, "आज पाच वाजता सभा! बायामाणसांनीही यायचं! भाकऱ्या आधी थापून ठेवा!" कर्णा लागायचा नाही. चौथ्या मजल्यावरून एक म्हातारी ओरडायची, "मेल्या, नातू आत्ता कुठं निजलाय माझा!" भागूजी खालून तितक्याच जोरात म्हणायचा, "मग उठवा आणि घेऊन या त्याला, आजी! त्याच्यासाठीच चाललंय सगळं!"

पोरं त्याला भोंगा म्हणत. त्याला त्याचं काही नसे. "आवाज बापाकडून आलाय," तो सांगायचा. "बाप गावात दवंडी द्यायचा. अख्ख्या गावात सगळ्यात मोठा आवाज त्याचा, पण त्यात त्याचा स्वतःचा शब्द एक नाही. सगळा पाटलाचा निरोप. मी आपला माझ्या मनातलं ओरडतो. तेवढी प्रगती झाली आमच्या घराण्याची."

सत्याग्रहात आम्हा दोघांना एकदमच पकडलं. तीन आठवडे एका कोठडीत होतो. थाळ्या कमी पडल्या म्हणून दोघांत एक दिली होती. पहिल्या दिवशी माझा हात जरा अडखळला. त्याच्या ते लक्षात आलं असणार. तो म्हणाला, "कारकुना, तुझी बोटं शाईची, माझी तेलाची. आमटीला काय कळतंय?" मी हसलो आणि जेवलो. त्या तीन आठवड्यांत मला वाटू लागलं की माझ्यातलं जे काही जायला हवं होतं ते गेलं.

कोठडीत वेळ जात नसे. मी त्याला माझ्या गावाचं सांगायचो. साताऱ्याकडे डोंगरात पंचवीस-तीस घरं, खाली ओढा, दिवसभर गाड्या नाहीत की भोंगे नाहीत. तो लक्ष देऊन ऐकायचा. त्याला कानाचं दुखणं होतं. खात्याबाहेर आला तरी त्याच्या कानात साचे चालूच असत. डॉक्टरनं सांगितलं होतं, काही दिवस शांत जागी जाऊन राहा. घोडपदेवच्या माणसानं शांत जागा आणायची कुठून?

"माझ्या गावाला चल," मी म्हणालो.

"गावची शांतता मला माहिताय," तो म्हणाला. "शांत गाव म्हणजे काय, कुणाच्या घरात कोण खोकलं ते कळतं. आणि कुणी खोकायचं नाही, ते आधीच ठरलेलं असतं."

"माझं गाव तसं नाही."

"बघू तर," तो म्हणाला.

सुटल्यावर महिन्याभरानं आम्ही रजा टाकून निघालो. एस.टी. दोन कोस अलीकडे सोडायची. तिथून चालताना, अर्ध्या वाटेवर, मी ते बोललो. मुंबईपासून ते माझ्या तोंडात होतं.

"भागूजी, गावात कुणी विचारलं तर आडनाव जाधव सांगू या."

तो थांबला. चिडला नाही. पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "जाधव आमच्यातही आहेत," तो म्हणाला. "तुझ्या लोकांना कुठला जाधव वाटेल?"

मी पुढे चालू लागलो.

"हे बघ, मी दीक्षा घेतलीय. खोटं बोलणार नाही असं हात जोडून म्हटलंय. मी सांगणार नाही. पण तुझं गाव आहे, तुझं घर आहे. तू काय सांगायचं ते सांग, मी मधे बोलणार नाही."

मला वाटलं, सुटलो.

घरी आई आणि माझे चुलते, नाना. नानांनी ओसरीवरूनच विचारलं, "कोन गावचं म्हनायचं पावनं?" मी सांगितलं, मुंबईचे मित्र, जाधव. भागूजी खाली बघून वहाणा काढत राहिला.

पुढचे दोन दिवस तो सकाळपासून ओसरीवर बसून असायचा आणि ऐकायचा. कोंबडीच्या पायाखालचा पाचोळा, जात्याची घरघर, लांब कुणीतरी लाकूड फोडतंय, घाव आधी दिसतो आणि आवाज मागून येतो. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं माझा हात धरला. "थांबला रे," तो म्हणाला. "साचा थांबला. आठ वर्षांनी." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. आईनं त्याला दूध दिलं, भाकरीवर लोणी दिलं. "किती गरीब सोभावाचा हाय तुझा मैतर," ती मला म्हणाली. "तोंडातनं शबूद निघत न्हाई."

ते खरं होतं. चार मजले हलवणारा माणूस दोन दिवस माझ्या घरात कुजबुजत होता. मी ते पाहिलं होतं आणि त्याला कानाचा आराम समजून घेतलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ओढ्यापलीकडच्या वस्तीतला एक म्हातारा आला. त्या वस्तीला गावात महारवाडाच म्हणत. शेजारच्या गावात कुणी वारलं होतं आणि तो निरोप पोचवायचं काम अजून त्याच्याच माथी होतं. तो अंगणाच्या खाली उन्हात उभा राहिला, मुंडासं काढून काखेत धरलं, आणि वर न बघता निरोप सांगू लागला. नाना सुपारी कातरत ऐकत होते.

भागूजी उठला. ओसरीच्या कडेला गेला आणि आपल्या खऱ्या आवाजात म्हणाला, "जय भीम, बाबा! उन्हात का उभे? वर या, बसा!"

त्या गावात इतका मोठा आवाज कुणी ऐकला नसेल. समोरच्या घराचं दार उघडलं. म्हातारा आधी नानांकडे बघत राहिला, मग भागूजीकडे. अगदी हळू म्हणाला, "जय भीम," आणि पाठ फिरवून निघून गेला.

नंतर कुणी ओरडलं नाही. मी पुष्कळदा विचार केला आहे की कुणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. नानांनी अडकित्ता खाली ठेवला. भागूजीला काही विचारलं नाही, मला विचारलं. "ह्यो कोन हाय रं? तुला ठावं हुतं?"

आई दारात उभी होती. भागूजी माझ्याकडे बघत होता. त्याच्या बघण्यात धाक नव्हता. तो फक्त वाट बघत होता.

मी म्हणालो, "नाही. मला यानं जाधव म्हणूनच सांगितलं."

त्यानं मधे बोलणार नाही असं म्हटलं होतं. तो बोलला नाही. खुंटीवरची पिशवी घेतली, वहाणा घातल्या, आणि आईकडे वळून म्हणाला, "पोटभर जेवलो, आई. येतो." आईचा हात सवयीनं वर आला आणि मधेच थांबला. मी त्याच्याबरोबर अंगणापर्यंतही गेलो नाही. गाव इतकं शांत होतं की ओढ्यापर्यंत त्याच्या वहाणा ऐकू येत होत्या. मग आईनं ओसरी सारवायला काढली. पाणी मी आणून दिलं.

रजा उरली होती, म्हणून मी आणखी आठवडाभर राहिलो. शांत गावात राहणं काय असतं ते मला त्या आठवड्यात कळलं. मुंबईत माणूस गोंगाटात लपतो. तिथं लपायला जागा नव्हती. आई भाकरी थापायची ते थापणं ऐकू यायचं, आणि मधेच ती थांबली की तेही ऐकू यायचं. तिनं मला एकदाही विचारलं नाही. तिला कळलं होतं, असं मला वाटतं.

परत आलो तेव्हा मी घाबरलो होतो. त्यानं गिरणीत सांगितलं असेल, समितीत सांगितलं असेल. त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. माझ्यादेखत एकानं त्याला विचारलं, "काय रे भोंग्या, तीन दिवसांत परत?" तो म्हणाला, "हवा मानवली नाही कानाला." हजेरीच्या खिडकीशी आला की आधी म्हणायचा, "काय रे कारकुना, जिवंत आहेस का?" आता म्हणू लागला, "साहेब, हजेरी." त्या 'साहेब'मध्ये टोमणा असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. तसा तो नव्हता.

मोर्चे चालूच राहिले. तो पुढे असायचा, मी मागे. त्याच्या घोषणेला हजारो माणसं साथ द्यायची, त्यात मीही द्यायचो. महाराष्ट्र झाला त्या दिवशी रस्त्यात तो सगळ्यांना मिठ्या मारत होता. माझी पाळी आली तेव्हा त्यानं हात पुढे केला. "झालं एकदाचं, साहेब," तो म्हणाला. मी म्हणालो, "हो." तेवढ्यात मागच्यानं त्याला ओढून नेलं.

त्यानंतर वीस-बावीस वर्षांनी मी त्याच्या घरी गेलो. घोडपदेवला, तिसऱ्या मजल्यावर. माझी नोकरी संपली होती. तो फार आजारी आहे असं कळलं होतं. वाटेत मी वाक्य जुळवत गेलो. गॅलरीत बाकावर तो बसला होता. बारीक झाला होता, पण मला ओळखलं. सून चहा घेऊन आली. शेजारच्या दोघी तिथंच तांदूळ निवडत होत्या, दोन माणसं कठड्याला टेकून उभी होती.

मी त्याच्याजवळ सरकलो आणि हळूच म्हणालो, "भागूजी, त्या दिवशी गावात मी खोटं बोललो. जाधव असं तू नाही, मी सांगितलं होतं. माझं चुकलं."

त्यानं डावा हात कानावर ठेवला. "आँ?"

सून म्हणाली, "मामंजींना आता काहीच ऐकू येत नाही हो. सगळं साचेखात्यात गेलं. मोठ्यानं बोला, अगदी ओरडून. तेव्हा थोडं कळतं."

"मोठ्यानं बोल, रे!" भागूजी म्हणाला. किती वर्षांनी तो मला रे म्हणाला होता.

तांदूळ निवडणाऱ्या बायकांनी वर बघितलं. कठड्याजवळची माणसं वळली. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि भागूजी कानावर हात ठेवून वाट बघत होता.

मी मोठ्यानं म्हणालो, "तब्येतीला जप म्हणतोय!"

"हां, हां," तो म्हणाला आणि मान डोलावली.