राजम्माची चकती

ये ग मनीषा, जवळ ये. कागदावरच का होईना, पण जवळ बस, आणि आधी माझी बोलणी खा. एवढ्या दिवसांनी तुझा फोन आला, मी पदराला हात पुसत धावत उचलला, तर बाईसाहेब विचारतात, "मावशी, कॉफी दळायचं मशीन घेतेय. आतली चकती लहान घेऊ की मोठी?" मावशीचे गुडघे कसे आहेत, सुरेखाचं बाळंतपण कसं झालं, काही नाही. चकती! मी सांगायला तोंड उघडलं तर म्हणे, "थोडक्यात सांग ग, मीटिंग आहे." थोडक्यात बोलणं आपल्या घराण्यात कुणाला जमलंय का? म्हणून लिहायला बसले. मला चकतीतलं जे काही कळतं ते राजम्मामुळं, आणि राजम्माला तू पाहिलेलं नाहीस. तू लग्न होऊन पुण्याला गेलीस, त्यानंतर ती अंबडला आमच्या भिंतीला भिंत लावून राहायला आली.

आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी भिंतीपलीकडून घर्रर्र सुरू झालं. माझी सून सुरेखा म्हणाली, "आत्या, शेजारी गिरणी टाकली का काय?" मी बघायला गेले. दार उघडंच. आत एक उंच, सावळी, नाकात दोन्हीकडं चमक्या घातलेली बाई एका काळ्या लोखंडी यंत्राला कान लावून वाकलेली, डॉक्टर पोराच्या छातीला नळी लावतो तशी. मी "काय करू राह्यल्या?" म्हणेपर्यंत तिनं माझ्याकडं न बघताच बोट ओठांवर ठेवलं. पहिल्यांदा घरी आलेल्या शेजारणीला गप्प बसवलं बघ! यंत्राचा आवाज बारीक झाला तशी तिनं बटण बंद केलं, चिमूटभर पूड अंगठ्यानं बोटावर चोळली आणि मग माझ्याकडं वळून म्हणाली, "हौ. अब बोलो, कौन तुम?"

ती हैदराबादची. घरात तेलुगू, बाहेर दखनी, आणि नवऱ्याकडून घेतलेलं आमच्याकडचं मराठी, असं सगळं एका वाटीत कालवून बोलायची. आमच्या गल्लीनं पहिल्याच आठवड्यात तिचं 'राजाबाई' करून टाकलं, तर कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "राजा नै, राजम्मा. राजा तो मेरा मरद था."

तो राजा म्हणजे विठ्ठलराव, मूळ अंबडचे. तरुणपणी हैदराबादेत छापखान्यात कामाला होते. राजम्माच्या वडिलांचं तिथं कॉफीची पूड दळून द्यायचं दुकान, आणि गल्ल्यापाशी ही. विठ्ठलराव आठवड्याला पूड न्यायला यायचे. "घर में फिल्टर नै था उनके पास," ती हसून सांगायची. "पूड लेके जाते थे और दोस्तां को बाँट देते थे. मेरेकू शादी के बाद मालूम हुआ, साब चाय पीते!" नोकरी संपल्यावर विठ्ठलरावांनी तिला गावी आणलं, आणि दोन वर्षांत ते गेले, त्यानंतर ती आमच्या शेजारी आली. मुलगा रमेश हैदराबादेत. तो चल म्हणायचा, ही जायची नाही. "उनो इधर हैं जी," एवढंच म्हणायची. विठ्ठलरावांचा फोटो तिनं मुद्दाम यंत्राच्या वर लावला होता. रोज दळताना त्या फोटोवर कॉफीची भुकटी बसायची आणि रोज ती पदरानं पुसायची.

ते यंत्र वडिलांनी दुकान मोडताना तिला दिलेलं. वर दाणे टाकायचं नरसाळं, आत दोन दातेरी चकत्या, एक गप्प उभी आणि एक फिरणारी. मधलं अंतर बाहेरच्या पेचानं कमीजास्त करायचं. बाया सोन्याबद्दल बोलतात तशी ती चकत्यांबद्दल बोलायची. तुझ्या प्रश्नाचं उत्तर तिच्याच तोंडून घे: "छोटी चकती बेचारी जादा भागती. भाग भाग के गरम होती, दाने का वास अंदरच जल जाता. बडी चकती ठंडे दिमाग की, आराम से दळती. पन पीनेवाले दोच जने और चकती बडी, तो आधा माल अंदर बैठा रैता, कल का बासा आज में मिलता. इसलिए पैले बोलो, पीनेवाले कितने. बाद में चकती." तर मनीषा, तुम्ही दोघंच असाल तर उगीच दुकानाला शोभेल असलं मशीन घेऊ नको. रोज चार पाहुणे असतील तर घे मोठी.

मी मेली चहाची. पहिल्या दिवशी तिनं पितळी वाटीत कॉफी दिली, ती मला भाजलेल्या चिंचोक्यांचं पाणी वाटली. तोंडावर कसं बोलायचं, म्हणून म्हटलं, "चांगली झाली." ती म्हणाली, "झूट. दूसरा घोट काइकू नै लिया फिर?" अशी पकडायची. आमच्या चहाला ती 'शक्कर का काढा' म्हणायची. पण रोज धुणं झालं की भिंतीवर दोन थापा पडायच्या, आणि मी निघायची. असं करता करता मलाच सवय लागली. एखाद्या दिवशी थाप पडली नाही तर माझंच डोकं दुखायचं.

मग एका हिवाळ्यात तिला ताप आला. पाच-सहा दिवस नुसती पडून होती. मी पेज नेऊन द्यायची, ती "नक्को, नक्को" करत अर्धी प्यायची. बरी झाली, पहिल्यांदा कॉफी केली, एक घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली. "इसमें जान नै," म्हणाली.

मी प्यायले. मला तर रोजच्यासारखीच लागली. तसं सांगितलं तर म्हणाली, "तुम चाय के लोगां, तुमकू क्या मालूम."

तिनं पेच घट्ट केला, सैल केला. बारीक दळली तर फिल्टरमधून थेंब गळेना, जाड दळली तर पाणी धो धो खाली. दाणे बदलले. रमेशनं दुसऱ्या दुकानातून पाठवले, तेही नाहीत म्हणाली. शेवटी ठरवलं, चकती झिजली. आम्ही दोघी एसटीनं जालन्याला गेलो, तिच्या मांडीवर फडक्यात गुंडाळलेली जुनी जोडी, तान्हं पोर घ्यावं तशी. लेथवाल्यानं तशीच नवी करून दिली. घरी येऊन दळली. "नै," म्हणाली.

मग तिच्या डोक्यात माप शिरलं. म्हणे वडिलांच्या वेळी यात मोठी चकती होती, नंतर कुणीतरी दुरुस्तीत लहान बसवली, म्हणून गरम होऊन वास जळतो. पुन्हा जालना. दोन सूत मोठी चकती, त्यासाठी आतली लोखंडी पेटी कोरून घ्यायची. लेथवाला हात जोडून म्हणाला, "आज्जी, आता याच्याउपर कोरलं तर पेटीच फुटंल. मंग माझ्या नावानं रडू नका." ती म्हणाली, "तुम कोरो, रोना मेरा काम है." तो हसला. मीही हसले. परत येताना गाडीत ती खिडकीकडं तोंड करून बसली होती. मी म्हटलं, "एवढा कशाला जीव काढता? कॉफीच हाय ना." तर बघितलं माझ्याकडं, आणि हळू म्हणाली, "अप्पा का दुकान गया. साब गए. हैदराबाद छूटा. सुबे उठ के वो वास आता, तो मैं कौन वो याद आता. काइकू समझते नै तुम?" मी तिची पिशवी माझ्या मांडीवर घेतली, एवढंच.

मोठी चकती बसवली त्या सकाळी मी तिथंच होते. काय वास सुटला होता ग! माझ्या तोंडाला पाणी सुटलं. ती नेहमीसारखी यंत्रावर वाकलेली, डब्यात जवळजवळ नाक घालून. तेवढ्यात सुरेखा पाण्याची कळशी घेऊन दारातून डोकावली. "राजम्मा, आज काय दळलं वो? पार बोअरपाशी वास आल्ता! तिकडच्या बाया विचारू राह्यल्या."

राजम्मानं यंत्र बंद केलं. "किधर तक आया?"

"बोअरपाशी. कोपऱ्याच्या पल्याड."

ती उठली. फडताळातली हिंगाची डबी काढली, उघडून नाकाला लावली. मग झेंडूबाम. मग कापलेला कांदा. डोळ्यांतून पाणी आलं तिच्या, पण ते कांद्यानं. सुरेखाला काही कळेना, ती माझ्याकडं बघायला लागली. मला कळलं होतं. राजम्मा पाटावर बसली, यंत्रावर हात ठेवला आणि म्हणाली, "चकती बराबर है जी. मैंच घिस गई."

डॉक्टर म्हणाले, तापानं नाकाचा वास जातो असा. कधी परत येतो, कधी नाही. या वयात नाहीच बहुतेक. तिनं रमेशला कळवलं नाही, मलाही शपथ घातली. आणि दुसऱ्या दिवशी भिंतीवर थापा पडल्या. गेले तर कॉफी तयार. वाटी माझ्या हातात देऊन समोर बसली. "पियो. और बोलो. झूट नक्को."

तेव्हापासून आमचं नवीनच सुरू झालं. ती दळायची कानानं आणि बोटानं, आणि चव मी सांगायची. पण नुसतं चांगली म्हटलेलं तिला चालायचं नाही. "कैसी चांगली?" मग मी शोधून शोधून सांगायची. "आज जिभेच्या मागं कडू लागते. आज भाजलेल्या शेंगदाण्यासारखी. आज पांचट हाय, राजम्मा, राग येऊ देऊ नका." ती डोळे मिटून ऐकायची. पेच फिरवायची, पुन्हा करायची. एका दिवशी म्हटलं, "आज पावसाआधी तापलेल्या मातीवर कुणी गूळ सांडलाय जणू," तर टुणकन डोळे उघडून म्हणाली, "हौ! वोईच! अप्पा के दुकान की वोईच थी!" आणि माझी उष्टी वाटी उचलून उरलेली पिऊन टाकली. चव काही आली नसणार तिला. पण तिचं तोंड बघितलं असतंस, तर तूही म्हणाली असतीस की आली.

हे असं वर्षानुवर्षं चाललं असतं, पण एका सकाळी मी गेले तर घरभर गॅसचा वास. दूध उतू जाऊन शेगडी विझलेली, आणि ही शेजारीच बसून दाणे निवडतेय, हातात काड्याची पेटी. मी ओरडले. काड्याची पेटी हिसकली, खिडक्या उघडल्या, तिला दंडाला धरून अंगणात ओढलं.  मग मी म्हटलं, "काही होत न्हाई. मी रोज सकाळी आधी येऊन बघून जात जाईन. बिलकुल काळजी नका करू."

ती म्हणाली, "तुम रोज अपना नाक लेके आते. एक दिन बुखार आया तुमकू, तो? बाजू में तुम्हारा नातू सोता जी." आणि तिनं स्वतःच रमेशला फोन लावला. तेलुगूत बोलली, मला कळलं नाही. पण शेवटी 'हौ, हौ' म्हणाली, तेव्हा कळलं.

जाताना गाडीत यंत्र ठेवू दिलं नाही. माझ्या ओट्यावर आणून ठेवलं. विठ्ठलरावांचा फोटो मात्र मांडीवर घेऊन बसली. रमेश म्हणाला, "अम्मा, तिथं आपल्याकडं नवं मशीन आहे." ती म्हणाली, "मालूम है. इसलिए तो नै ले रही."

मी एकदा गेले होते तिच्याकडं, सुरेखाच्या भावाबरोबर, जालन्याहून गाडीनं. सातवा मजला, काचेची खिडकी, ती खुर्चीत बसलेली, अर्धी झालेली. सूनबाई गुणी पोर, तिनं बटण दाबलं आणि कपभर कॉफी आणून दिली. राजम्मा माझ्याकडं बघत होती. मी एक घोट घेतला. "कैसी है?" तिनं विचारलं. सून समोर उभी. मी मराठीत म्हटलं, "पांचट हाय. धुण्याच्या पाण्यासारखी." राजम्मा अशी हसली, अशी हसली, की तिला ठसका लागला. सून घाबरून विचारायला लागली, मावशी काय म्हणाल्या? राजम्मा डोळे पुसत म्हणाली, "बोली, फस्ट क्लास है." मग माझा हात धरला तो मी निघेपर्यंत सोडला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात ती गेली. झोपेतच. रमेशनं फोन केला तेव्हा मी यंत्रापाशीच उभी होते. तो बोलत राहिला, मी ऐकत राहिले, आणि मधेच म्हणाले, "थांब बाबा, दूध खाली घेते." असं काहीतरीच बोलतं माणूस अशा वेळी.

तिच्या घरात आता भाडेकरू आलेत, नवरा-बायको, दोघं शिक्षक. चांगले आहेत, चहा पितात. मी दळते रोज, पण माझं मेलं माप चुकतं, दोघींचीच होते. एक वाटी पिते, दुसरी तशीच निवते. सुरेखा म्हणते, "आत्या, थोडेच दाणे टाकत जा की." टाकते थोडेच. हात ऐकत नाही.

तर मशीनचं तू काय करायचं ते कर. पण ये बाई एकदा. नवऱ्याला सुट्टी नसेल तर एकटी ये. सकाळची गाडी धरलीस तर दुपारच्या आत पोचशील. आणि आदल्या दिवशी फोन कर, थोडक्यातच कर हवं तर, म्हणजे म्हशीचं दूध सांगून ठेवते.